नंबराची गाडी

शेवगावच्या एसटी स्टँडसमोर लिंबाच्या सावलीत जीपगाड्यांची रांग लागते, त्या रांगेतली मी एक. अंग काळं, टप पिवळा, पुढे-मागे पांढरी पाटी आणि तिच्यावर काळे आकडे. लोक मला काळी-पिवळी म्हणतात. आजवर तुम्ही माझा फक्त हॉर्न ऐकलात, आज माझं बोलणं ऐका. आणि तुमच्यापैकी कुणाच्या मनात ड्रायव्हर व्हायचं असेल, तर त्याने जरा पुढच्या सीटवर येऊन बसावं.

माझा जन्म नाशिकचा. पत्रा दाबणारं यंत्र माझ्यावर कोसळलं, तो दणका मला अजून आठवतो. कापलं, वाकवलं, भोकं पाडली, जाळून जोडलं. मार खाऊनच मी जीप झाले. पुढच्या आयुष्यात जे वाढून ठेवलं होतं, त्याची ती तयारीच म्हणायची.

१९९१ साली रंभाजीने मला घरी आणलं. रंभाजी शेवगावच्या भीमनगरातला. दहा वर्षं त्याने लोकांचे ट्रक चालवले होते. पन्नाशीला टेकलेला, अंगाने काटक, बोलायला कमी. खाकी शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला लावायचा आणि तो रोज सकाळी चिंच लावून घासायचा. त्याची बायको भिमाबाई हसायची. म्हणायची, "भांडी घासाया बसलं की ह्यो बी ढिगात टाकीत जावा, माझं हात लागतंच हायेत." मी दारात आले त्या दिवशी तिने पंचशीलाचा झेंडा माझ्या आरशाला बांधला आणि काचेच्या आत बुद्धाची छोटी तसबीर चिकटवली.

स्टँडवर आमचा एक कायदा होता. पहिली आलेली गाडी पहिल्या नंबराला. नंबर लागला की समोर जो येईल तो पाशिंजर. म्हातारा, पांगळा, दारू प्यालेला, बोकड घेऊन आलेला, कुणीही असो. त्याने आम्हाला निवडायचं नाही, आम्ही त्याला नाही. भाडं ठरलेलं, रस्ता ठरलेला. शेवगाव ते नगर. अमरापूर, तिसगाव, करंजीचा घाट चढला की मेहेकरी आणि मग नगर.

आमच्या वाकड्यात होत्या काळ्या पाटीच्या जीपा. पाटी काळी, आकडे पांढरे, म्हणजे खाजगी. त्यांतल्या तीन काकासाहेबांच्या. काकासाहेब म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. गाड्या कागदावर घरच्या वापराच्या, पण लग्नाला, देवदर्शनाला, दवाखान्याला भाड्याने जायच्या. ठरवायचं त्यांच्या ओट्यावर बसून. गाडी कुणाला द्यायची आणि कुणाला 'रिकामी नाही' म्हणायचं, हे त्यांच्या मर्जीवर. आणि ओट्यावर गिऱ्हाईक नसलं की त्याच जीपा स्टँडवर येऊन आमच्या तोंडासमोरून पाशिंजर उचलायच्या.

त्यावरून पहिला राडा झाला तो ब्याण्णवच्या उन्हाळ्यात. काकासाहेबांचा पुतण्या मच्छिंद्र, दंड फुगवून फिरणारा पंचविशीतला गडी, माझ्यात बसलेली दोन माणसं दंडाला धरून ओढायला लागला. रंभाजी खाली उतरून म्हणाला, "ती बसलेली मान्सं हायेत." मच्छिंद्रने उत्तर म्हणून त्याच्या नाकावर डोकं आपटलं. रक्ताची चिळकांडी माझ्या बॉनेटवर उडाली. रंभाजीने नाक पुसलं नाही. त्याने मच्छिंद्रची मान धरली आणि त्याचं थोबाड माझ्या तापलेल्या बॉनेटवर दाबून धरलं. चार जणांनी सोडवलं तेव्हा मच्छिंद्रच्या गालाची कातडी सोलली होती. जाता जाता त्याने माझा डावा दिवा दगडाने फोडला. तो दगड माझ्यासाठी होता की रंभाजीसाठी, हे मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून आम्हा दोघांवर एकच खुन्नस धरली गेली.

काकासाहेबांच्या एका जीपवर रामहरी नावाचा ड्रायव्हर होता. बोधेगावकडचा, तिशीचा, दोन लेकरांचा बाप. आधी ऊसतोडीला जायचा, मग स्टेअरिंग धरायला शिकला. एका दुपारी तो चहाच्या टपरीवर रंभाजीशेजारी येऊन बसला.

"दादा, मला बिल्ला काढायचाय. काय काय लागतं?"

"साधं लायसन हाय का?"

"हाय की."

"मंग नगरला आरटीओत अर्ज दे. डाक्टरचा दाखला लागतो, पोलिसाचा लागतो. परीक्षा घेत्यात. मंग भाड्याच्या गाडीचं लायसन आन मंग बिल्ला. गाडीचं आनखी येगळं. परमिट, पाशिंजरचा इमा, दर वर्साला पासिंग. ब्रेक ढिला असला तर परत लावत्यात."

रामहरी हसला. "माझ्या गाडीला यातलं काईच लागत न्हाई. खाकी न्हाई, नंबर न्हाई. मालक म्हनला चल, की निघालो. तुमी एवढं कशापाई करता?"

रंभाजीने कप खाली ठेवला. "तुझी गाडी पलटी झाली आन आतलं मानूस मेलं, तर त्याच्या घरच्यांनी कुनाच्या दारात जायचं? इमा घरच्या गाडीचा. भाड्याचं पाशिंजर त्यात धरत न्हाईत."

रामहरीने आपला कप उचलून तोंडाला लावला.

"आन दुसरं सांगतो. माझ्या आईला पान लागलं, साप चावला, तवा गावात तीन गाड्या उभ्या हुत्या. मी तिन्ही दारं फिरलो. एक म्हनला डिझेल न्हाई, एक म्हनला डायवर न्हाई, तिसऱ्यानं दारच उघडलं न्हाई. आई बैलगाडीत गेली. तुज्या गाडीत कोन बसायचं ते तुजा मालक ठरीवतो. माज्या गाडीत कोन बसायचं ते मी सुदिक ठरीवत न्हाई."

"म्हंजे गाडी तुमची आन तुमचंच चालत न्हाई?"

"न्हाई चालत," रंभाजी म्हणाला आणि माझ्याकडे निघाला. नंबर लागला होता.

रामहरीने बिल्ला काढला नाही. मालकाची गाडी, मालकाचं डिझेल, सणाला कपडे. त्याला ते बरं वाटलं असावं.

त्याच साली हिवाळ्यात देवळाली प्रवराच्या उसाच्या फडात एक माणूस मारला गेला. रंगनाथ त्याचं नाव. बोधेगावजवळचा ऊसतोड कामगार. मारणारा होता टोळीचा मुकादम पुंजाराम, आणि हा पुंजाराम काकासाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. फडात चाळीस माणसं होती. पोलीस आले तेव्हा चाळिसांतल्या कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त रंगनाथच्या बायकोने. तिचं नाव बायडाबाई.

खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये नगरच्या कोर्टात बायडाबाईच्या साक्षीची तारीख लागली.

त्या सकाळी साडेसहाला पहिला नंबर आमचा होता. आठ पाशिंजर बसले होते, दोन जागा बाकी. तेवढ्यात एक बाई स्टँडच्या मागच्या बोळातून आली. काळीसावळी, हाडापेराने मजबूत, कपाळ मोकळं, काखेत कापडी पिशवी. ती थेट मागच्या दाराशी आली.

"नगरला जानार का?"

"बसा," रंभाजी म्हणाला.

ती बसली आणि लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून राहिली. पहाटे बोधेगावात तिने तीन जीपांना हात केला होता, तिन्ही थांबल्या नव्हत्या. एका दूधवाल्याच्या सायकलीमागे बसून ती शेवगावला आली, तर एसटीच्या फलाटावर काकासाहेबांची दोन माणसं तिची वाट अडवायला उभी. म्हणून ती बोळातून फिरून आमच्याकडे आली होती.

आमच्या पुढ्यात काळ्या पाटीची जीप येऊन थांबली. स्टेअरिंगवर रामहरी. मागे मच्छिंद्र आणि तीन गडी. शेजारच्या सीटवरून स्वतः काकासाहेब उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आवाज लोण्यासारखा.

"रंभाजी, ती बाई आमच्या भागातली आहे. तिला उतरव. आमच्या गाडीतून सोडतो तिला."

रंभाजीने मागे वळून विचारलं, "बाई, जायचं का यांच्या गाडीतनं?"

बायडाबाईने नुसती मान हलवली. दांड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

"न्हाई म्हनत्यात," रंभाजी म्हणाला.

"तिला काय विचारतोस? मी तुला सांगतोय."

"काकासाहेब, नंबराची गाडी हाय. बसलेलं पाशिंजर उतरवायचं मला येत न्हाई."

काकासाहेब हसले. माझ्या दारावर हात ठेवून आत बसलेल्यांना म्हणाले, "मंडळी, घाटात आज काय होईल सांगता येत नाही. ज्याला घरी जायचंय त्याने उतरून घ्या."

एक माणूस उतरला. मग दुसरा. मग पिशव्या उचलायचा आवाज झाला आणि बाकीचे एकमेकांकडे न बघता उतरत गेले. एकजण रंभाजीला हळूच म्हणाला, "लेकरंबाळं हायेत रं." उरली बायडाबाई आणि कोपऱ्यात बसलेली झुंबरबाई नावाची एक म्हातारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नगरला ऑपरेशनला निघालेली.

"आजी, तुमी बी उतरा," रंभाजी म्हणाला.

"मी कशाला उतरू? मला दिसत न्हाई. मला काय दाखवून भेडावनार हे? सोड गाडी."

रंभाजीने सेल्फ मारला.

अमरापूर गेलं. तिसगाव गेलं. काकासाहेब स्टँडवरच राहिले, त्यांची काळी पाटी मात्र मागे आरशात दिसत होती, लांबून, पण सुटत नव्हती. झुंबरबाईने विचारलं, "काय गं, कोन हायेस तू? तुजामागं एवढी मान्सं का?" आणि बायडाबाई बोलायला लागली. आवाज सपाट, रडं नाही.

"माजं मालक म्हनलं, बहिनीला बरं न्हाई, दोन दिस गावाकडं जाऊन येतो. मुकादम म्हनला, टोळी सोडून कुटं जातो. दोन दिसांनी येतो म्हनलं तरी ऐकंना. बैलगाडीच्या चाकाला हात बांधलं त्यांचं. बैल जुपायच्या चामडी साट्यानं हानलं. मी पाया पडले. साटा तुटला तवा जूवाची लाकडी शिवळ काढली. डोस्क्यात तिसरी बसली तवा मालकांनी माज्याकडं बगितलं. चवथीला बगत न्हवते. मुकादमानं त्याच्याफुडं बी मारलं. मेलेल्या मानसाला मारलं गं आजी. आन मान्सं ऊस तोडत हुती. कोयत्याचा आवाज थांबला न्हाई."

झुंबरबाईने चाचपत तिचा हात धरला. रंभाजीने माझा वेग वाढवला.

करंजी मागे टाकून आम्ही घाट चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर मागच्या इंजिनाची घरघर अंगावर आली. रामहरीची जीप उजवीकडून वर आली, बरोबरीला आली. मला त्याचा चेहरा दिसला. घामाने निथळत होता. मागून मच्छिंद्र ओरडत होता, "दाब! दाब तिला!"

आणि रामहरीने दाबली.

पत्र्यावर पत्रा घासला, ठिणग्या उडाल्या. दुसरा धक्का थेट पुढच्या चाकावर बसला. रंभाजीने ब्रेकवर उभं राहून मला आवरायचा प्रयत्न केला. मी दगडी कठड्यावर गेले, कठडा फुटला, आणि माझं पुढचं डावं चाक हवेत लोंबकळत राहिलं. खाली खोल दरी. इंजिन बंद पडलं. रेडिएटर फुटून वाफ निघत होती.

मच्छिंद्र आणि तिघं उड्या टाकून आले. हातात लोखंडी गज. पहिल्या दणक्यात माझी पुढची काच गेली. काचेचा सडा रंभाजीच्या अंगावर पडला, कपाळ फाटलं. त्याने सीटखालचा टॉमी, चाक खोलायचा लोखंडी दांडा, काढला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, बायकांच्या आणि त्यांच्या मधे.

"बाजूला हो, थेरड्या!"

"न्हाई."

पहिला गज त्याने टॉमीवर घेतला. दुसरा खांद्यावर बसला. त्याने टॉमी फिरवला, एकाचं मनगट कडकन मोडलं, तो बोंबलत खाली बसला. मग मच्छिंद्रने दोन्ही हातांनी गज उचलून रंभाजीच्या डाव्या कोपरावर मारला. हाड तुटल्याचा आवाज मी ओळखते, माझे स्प्रिंगपाटे तुटताना तसाच येतो. हात लोंबायला लागला. रंभाजी गुडघ्यावर आला, पण दार सोडलं नाही. पाठीवर गज पडत होते. तो उजव्या हाताने माझा दांडा धरून ओणवा राहिला. ते मारतच राहिले.

बायडाबाई त्याच्या डोक्यावरून बाहेर झेपावली. फुटलेल्या कठड्याचा दगड तिने उचलला आणि सगळ्यात जवळच्या गड्याच्या तोंडावर हाणला. दातांसकट रक्त बाहेर आलं. दुसऱ्याने तिचे केस धरून तिला फरफटत ओढलं. ती त्याच्या पोटरीला चावली, मांस सुटेपर्यंत चावली. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, उचलली आणि पोत्यासारखी परत माझ्यात फेकली. झुंबरबाई आपल्या डोळ्यांच्या अंधारात ओरडत होती, "डायवर जिता हाय का? आरं कुनी सांगा, डायवर जिता हाय का?"

मच्छिंद्रने रंभाजीलाही आत कोंबलं. मग रामहरीकडे वळला.

"रामहरी! मागनं लाव गाडी. ढकल खाली. समदीच जाऊ दे एकदम."

रामहरीची जीप मागे गेली, वळली, आणि तिचा बंपर माझ्या पाठीला टेकला. मला त्या गाडीचं इंजिन माझ्या अंगात थरथरताना कळत होतं. त्याने रेस दिली. मी एक वीत पुढे सरकले. कठड्याचे दगड सुटून दरीत गेले. ते खाली पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. मी आणखी अर्धी वीत सरकले.

"लाव जोर! काय बगतो?"

मागच्या जाळीतून बायडाबाई रामहरीकडे बघत होती. ओळखतही होती. दोघं एकाच भागातली, एकाच टोळीत कधी काळी ऊस तोडलेली. तिने हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "रामहरी, मालकाची गाडी घिऊन तू बी फडात आला हुतास त्या दिशी. आता तरी बग माज्याकडं."

इंजिन बंद झालं.

रामहरी खाली उतरला. त्याने गाडीची किल्ली काढली होती. मच्छिंद्रच्या डोळ्यांदेखत त्याने ती दरीत भिरकावली. "मला न्हाई जमनार," एवढंच म्हणाला.

मच्छिंद्रने त्याला जो मार दिला तो मी विसरणार नाही. गज मोडेल असा मारला. डोक्यावर, तोंडावर, पडल्यावर पोटात. रामहरीने हात वर केला नाही. मार खाता खाता तो माझ्या मागच्या चाकापाशी सरपटत आला, एक धोंडा ओढला आणि चाकापुढे अडकवून त्यावर आडवा पडून राहिला. मला तो धोंडा लागला तेव्हा समजलं, की आता मी पुढे जाणार नाही.

वळणाखालून कांद्याचे दोन ट्रक वर आले. ड्रायव्हर लोकांनी आमची दशा पाहिली आणि पाने-टॉम्या घेऊन उतरले. मच्छिंद्रची गाडी जाग्यावर, किल्ली दरीत. तो आणि ज्यांना पळता येत होतं ते डोंगरात पळाले. मनगट मोडलेला तिथेच सापडला.

ट्रकवाल्यांनी दोर लावून मला मागे ओढलं. रेडिएटरच्या भोकात साबण कोंबला, पाणी ओतलं. एकजण रंभाजीला म्हणाला, "चला, ट्रकात टाकतो, दवाखान्यात नेतो."

रंभाजीच्या कपाळावरचं रक्त पापण्यांवर वाळलं होतं. त्याने विचारलं, "किती वाजलं?"

"साडेआठ."

"कोर्ट आकराला हाय." तो माझ्या स्टेअरिंगवर चढून बसला. "बाई, फुडं या. ह्यो हात गेला. गेर तुमी टाकायचा."

"मला कुटं येतंय?"

"मी सांगतो तसं करा. मी दाबलं म्हनलं की दांडा आपल्याकडं घ्यायचा आन वर लोटायचा."

सकाळच्या उन्हात, काच नसलेल्या गाडीत, ती दोघं मला घाटावरून नेऊ लागली. मागे ट्रकवाल्यांनी झुंबरबाईच्या शेजारी रामहरीला निजवलं होतं, बेशुद्ध. "दाबलं!" रंभाजी ओरडायचा. बायडाबाई दात खाऊन दांडा लोटायची. पहिल्यांदा माझे दाते इतके करकरले की मला वाटलं, गजांनी झालं नाही ते आता होणार. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला जमलं. मेहेकरीपर्यंत तिला रंभाजीने सांगायचीही गरज उरली नाही. ऊस तोडणारा हात तो, लोखंडाला भीत नव्हता.

नगरच्या कोर्टासमोर मी थांबले तेव्हा अकराला दहा कमी होते. बायडाबाई उतरली. पदर फाटलेला, केस सुटलेले, हनुवटीला रक्त. तिने ते पुसलं नाही. तशीच आत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर रंभाजी स्टेअरिंगवर कलंडला, आणि त्याच्या कपाळाने माझा हॉर्न वाजत राहिला. लोक धावून आले.

संध्याकाळी बायडाबाई सरकारी दवाखान्यात रंभाजीच्या खाटेपाशी गेली. झुंबरबाई तिथेच बसून होती. डॉक्टरांनी आज ऑपरेशन होईल म्हटलं, तर "डोळं उद्या करा, आज मला हितंच बसू द्या," असं तिने सांगितलं होतं. हे मला पुढे भिमाबाईच्या बोलण्यातून कळलं. बायडाबाई खाटेला धरून एवढंच म्हणाली होती, "सांगितलं. चवथा टोला बी सांगितला आन त्याच्याफुडचं बी."

पुंजारामला जन्मठेप झाली. मच्छिंद्रला सात वर्षं. रामहरी महिनाभर दवाखान्यात होता. शुद्धीवर आल्यावर त्याने पोलिसांना सगळं सांगितलं, काकासाहेबांच्या ओट्यावर आदल्या संध्याकाळी काय ठरलं तेही. कोर्टातही तेच सांगितलं. तो माफीचा साक्षीदार झाला म्हणून सुटला. पण काकासाहेबही सुटले. त्यांच्याविरुद्ध एकट्या ड्रायव्हरचा शब्द पुरला नाही. पुढच्याच महिन्यात रामहरीचं बोधेगावचं घर कुणीतरी पेटवलं. बायको-लेकरं शेतात होती म्हणून वाचली. तो त्यांना घेऊन मिरजगावला गेला, तिथे ट्रॅक्टर चालवून राहिला.

मला नवीन काच बसली, नवीन रेडिएटर बसला. रंभाजीचं कोपर जुळलं, पण वाकडं. गिअर टाकताना तो अख्खं अंग डावीकडे झुकवायचा. आम्ही पुन्हा नंबराला उभे राहू लागलो. जे त्या दिवशी उतरून गेले होते, तेही पुढे माझ्यात बसले. रंभाजीने त्यांच्यापैकी कुणाला कधी टोमणा मारला नाही. नंबर लागला की बसा म्हणायचा.

सत्त्याण्णव साली रामहरी शेवगावला परत आला. पोलिसांचा दाखला मिळवायला त्याला दोन वर्षं खेटे घालावे लागले होते. आता त्याच्या खिशावर बिल्ला होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या काळ्या-पिवळीवर होता. कित्येकदा त्याचा नंबर आमच्या मागेच लागायचा. तो रंभाजीला रोज "जय भीम, दादा" म्हणायचा. रंभाजी ऐकायचा आणि माझ्या टायरात हवा आहे का ते बघायला वाकायचा. दोन वर्षं तो त्या माणसाशी एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, ज्याने धोंडा लावला त्याला काहीतरी म्हणावं. पण धक्का मारणारा आणि धोंडा लावणारा एकच होता. रंभाजीला त्यातला कुठला दिसायचा, ते मी सांगू शकत नाही.

आता नव्याण्णव साल चालू आहे. माझा रंग उडालाय, मागचं दार दोरीने बांधतात. बिल्ला नवा करायला रंभाजी नगरला गेला, तर डॉक्टरने हात बघून दाखला नाकारला. भिमाबाई म्हणाली, "गाडी दारात कुजवू नगा. कुनाच्या तरी हातात द्या." दोन-तीन जण विचारून गेले. रंभाजी सगळ्यांना नाही म्हणाला.

म्हणून सांगते, ड्रायव्हर व्हायला निघालेल्यांनो. पाटीचा रंग पेंटर बदलून देतो. बिल्ला, परमिट, पासिंग, हे सगळं करा, चुकवू नका. पण घाटात मागून कुणी 'दाब' म्हणून ओरडलं, तर काय करायचं हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. ते आधीच ठरवून स्टेअरिंगवर बसा. रामहरीसारखं अर्धी वीत उरल्यावर ठरवू नका.

परवा सकाळी भिमाबाईने रामहरीला निरोप धाडला. तो आला आणि दारातच उभा राहिला, आत यायचं धाडस झालं नाही. रंभाजी बाहेर आला. किल्ली त्याने उजव्या हाताने पुढे केली. रामहरीने दोन्ही हात पुढे केले.

त्या घाटानंतर रंभाजी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलला.

"डावीकडं वढती ती. तुज्या धडकेपासनं. उजवीकडं धरून ठिवावं लागतं."

"व्हय, दादा."

रंभाजी घरात गेला. रामहरी माझ्यात बसला. मग त्याने सेल्फ मारला, आम्ही भीमनगरातून बाहेर पडलो, आणि मोठ्या रस्त्याला लागताच मी डावीकडे ओढ घेतली. त्याने दोन्ही हातांनी मला सरळ धरलं.